तीन वळणांपर्यंत उजळलेला क्रिस

सुरो ४, सकाळी
सुरो लागला, क्रिस धुवायचा महिना. यांनी जमवलेले बाकीचे खंजीर धाकटे दीर वार्सितो भावजी घेऊन गेले. उरला हा एक, नागमोडी पात्याचा. हे त्याचा गंज काढता काढताच गेले. तीन वळणं उजळलीत, पुढे गंज. पातं अजून यांच्या टेबलावर पडलंय. भावजी म्हणतात, वहिनी, त्यानेच दादाला नेलं, महिनाअखेर येतो, दक्षिण समुद्राच्या राणीला देऊन टाकू. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. माझा डॉक्टरांवर पूर्ण विश्वास आहे. यांचं शेवटचं काम समुद्रात जाणार नाही. उरलेला गंज मीच काढणार.

सुरो ७
धुवायला नारळपाणी आणलं. यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. उजेड कमी वाटला. उद्या नक्की. नारळपाणी पिऊन टाकलं, नासलं असतं.

सुरो १२
यांचं क्रिस धुण्याचं पुस्तक वाचलं. शेवटचा हात सोमल आणि लिंबाच्या रसाचा. सोमल म्हणजे विष. म्हणजे मी घाबरते ती सोमलाला, क्रिसला नव्हे. बरं वाटलं.

सुरो १५
शेजारच्या तुमिराह मावशी म्हणाल्या, आधी उशाखाली घेऊन झोप, स्वप्न चांगलं पडलं तर तो घराला लाभला समज. म्हटलं, आजच झोपते. मग चहा सगळा बशीत कसा सांडला गं, म्हणाल्या. म्हटलं, गारठा आहे. त्या पदराने वारा घेत बसल्या होत्या.

सुरो १६
उशाखाली म्यान ठेवलं. म्यान काय, पातं काय, एकाच घरातली. स्वप्नात मिरच्या घेतल्या, स्वस्त मिळाल्या. शुभच आहे. हे आले नाहीत.

सुरो २४
खोलीत काहीतरी खडखडलं. उंदीर असणार. उंदरासाठी कोण उठतं. दाराला खुर्ची लावली.

सुरो २९
भावजी आले. मी ठणकावलं, स्वप्न चांगलं पडलंय, क्रिस इथेच राहील. मग धुतला का नाही, म्हणाले. मी दाराची खुर्ची बाजूला केली. ते टेबलाशी गेले, वाकले, थांबले. वहिनी, तुम्हीच घाला पिशवीत. म्हटलं, न्यायचाय तुम्हाला, तुम्ही घाला. म्हणाले, माझा खांदा धरलाय. दोघंही टेबलापासून मागे सरलो. मग कॉफी प्यायलो. पुढच्या सुरोत बघू म्हणाले आणि रिकामी पिशवी घेऊन गेले.
क्रिस राहिला. मी राखला, असं लिहिणार होते.
त्याला हात लावणारं माणूस या घरात एकच होतं.