डोक्याकडची जागा

३ मार्च, सोमवार
शिरूरला रुजू झाले. दौंडहून एसटीनं येताना न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास रखडले, तरी चिडले नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच बातमी! दवाखाना लहान पण नेटका आहे. तातडीच्या खोलीची डॉक्टर म्हणून जबाबदारी माझी. हर्षदा सिस्टर माझ्याच वयाची, तिनं आल्या आल्या चहा दिला. वॉर्डातले भिमाजीमामा म्हणाले, दौंडच्या म्हंजी आमच्याच की म्याडम तुमी. माणसं गोड आहेत.

५ मार्च
या गोड माणसांनी आज माझं डोकं फिरवलं. छातीत दुखतं म्हणून आलेले सावळाराम आजोबा खोलीतच कोसळले. पाच जण धावले. छाती दाबायला तिघं, शॉकच्या मशीनकडे कुणीच नाही. इंजेक्शन कुणी दिलं विचारलं, तर ज्याला त्याला वाटलेलं दुसऱ्यानं दिलं. खाटेच्या डोक्याकडे उभं राहून एकानं सगळ्यांना सांगायचं असतं, ती जागा रिकामी! आजोबा वाचले ते नशिबानं. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. हर्षदा खाली मान घालून म्हणाली, तिथं कुणी उभं राहत नाही. नातेवाईक तिथल्याचीच गचांडी धरतात, म्हणून तशी रीत पडली आहे.
रीत म्हणे!

८ मार्च
तीन दिवस रोज सराव घेतला. सांगणारा एकच. तो नाव घेऊन सांगणार, ज्याला सांगितलं त्यानं मोठ्यानं परत म्हणायचं आणि करायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. मामा म्हणतात, शाळाच भरली हाय. पण शिकले.

१२ मार्च
मार्केट यार्डातला हमाल ईश्वर. आणला तेव्हा नाडी नव्हती. काय काम केलं आमच्या लोकांनी! नावं घेतली गेली, उत्तरं आली, हात बदलले, नाडी परत आली. बाहेर त्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली.
नंतर हर्षदा म्हणाली, तुमचा आवाज किती शांत होता. माझा आवाज? मी तर छाती दाबत होते. मला बोलायला दम नव्हता. डोक्याकडून पुरुषाचा आवाज येत होता, मला वाटलं दवाखान्याचे प्रमुख, मोठे सर आले. मोठे सर आज दिवसभर पुण्यात होते.

१३ मार्च
मामांना कोपऱ्यात घेतलं. माझ्या आधीचे डॉक्टर सुदर्शन. गेल्या वर्षी, भर दुपारी, याच खोलीत कोसळले. एक नंबरच्या खाटेवर ठेवलं. पाच जण होते. समद्यांस्नी वाटलं दुसरा सांगंल, म्याडम. अकरा मिनिटांत गेले. मशीनची वायरसुद्धा लावली नव्हती.
आपल्याच माणसाला! मी मामांवर एवढी ओरडले की ते रडले. मला वाईट वाटत नाही.

१७ मार्च
तुळजाबाई. शेतात कांदा काढताना पडल्या. नाडी येत होती, माझ्या बोटांना लागत होती. तेवढ्यात डोक्याकडून तो आवाज — थांबा.
सगळ्यांनी एकदम हात काढले. मी किंचाळले, थांबू नका! कुणी हललं नाही. ढकलून मीच दाबत राहिले, एकटी. गेल्या.
हर्षदा म्हणते, थांबा तुम्हीच म्हणालात. आवाज तुमचाच होता.
एकाचंच ऐका, हे मीच शिकवलं ना.

१८ मार्च
राजीनामा लिहिला आणि फाडला. मी गेले तर त्या सुदर्शनला मोकळं रान. एक नंबरच्या रिकाम्या खाटेशी उभी राहून त्याला चांगलं सुनावलं. यांनी तुम्हाला मारलं, कबूल. तुळजाबाईंनी काय वाकडं केलं होतं? आता माझ्याशी गाठ आहे —
मानेवर गार श्वास —

१९ मार्च, दुपार
छातीत धडधड. चक्कर आली. यांनी मला एक नंबरवर झोपवलंय. वही अॅप्रनच्या खिशात होती —
सगळे आपापल्या जागी, मी शिकवलं तसे. माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या डोक्यामागे बघतात.
मी शुद्धीवर आहे. सांगतेय. हात हलतोय, लिहितोय. हर्षदा, बघ ना इकडे, मूर्ख!
बोलतोय तो. आता मलाही तो माझाच आवाज वाटतोय —
मामा, मशीन बंद. व्हय म्याडम, मशीन बंद.
हर्षदा, गेल्याची वेळ लिही, दोन वाजून दहा. तिनं मोठ्यानं परत म्हटलं. लिहिलंसुद्धा.
घड्याळात अजून दोन वाजून नऊच —