नखाएवढा थर

मंगळवार, १२ डिसेंबर. मस्तगड, जालना.

आज स्टील मिलचे सुपरवायझर कागद टाइप करूनच घेऊन आले. आमच्या यांनी भट्टीचं अस्तर नीट ठोकलं नव्हतं, म्हणून ती फुटली आणि हे गेले, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"वहिनी, जल्दी सही करा. भरपाईचं बी लवकर होईल."

मी विचारलं, "भाऊ, नवीन अस्तर किती तास तापवलं होतं?"

ते हसले. "ती काय चूल न्हाई वहिनी."

चूल नाही, ठाऊक आहे मला. भट्टीच्या आतलं अस्तर सिलिकाची भुकटी ठोकून बसवलेलं असतं. हळूहळू तापवलं तरच भाजून दगडासारखं घट्ट होतं. हे जेवताना सांगायचे, मग वाचनालयातल्या पुस्तकात मी स्वतः वाचलं.

कपाटातला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. फुटलेल्या भट्टीतला, यांच्या भट्टीवरच्या जोडीदाराने, हे गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आणून दिलेला. भाजलेला थर नखाएवढा. दोन बोटं तरी हवा होता. बाकी सगळं चोळलं की पीठ.

"ठोकायचं काम यांचं होतं. तापवायची घाई कोणाची होती?"

त्यांचा चहा तसाच राहिला.

मी चुकत तर नाही ना? पुन्हा तुकडा पाहिला. नखाएवढाच. माझे हात त्या पिठाने पांढरे झाले होते.

हे कामावरून आले की हात असेच पांढरे असायचे. आधी धुऊन या, म्हणून मी ओरडायचे. आज मी धुतले नाहीत. त्याच हातांनी कागद परत दिला, सहीवाचून.