भोक जवळजवळ बुजलं आहे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमत नाही, तेव्हा कागदावर घालून घेतो.) तुझी पाठ कशी आहे? शेक घेतेस ना? भावोजींचा खोकला मागच्या पत्राच्या वेळी सुटत आला होता, तो आता गेला असेल, किंवा निदान तुला त्याची सवय झाली असेल. इकडे माझं ठीक चाललं आहे. जेवतो, झोपतो, भांडी घासतो. आमची ही तुझ्याकडे सुखरूप पोचली आणि पोचल्या पोचल्या तुझ्या ओट्याचा ताबा घेतला, हे भावोजींनी फोनवर सांगितलं. ही स्वतः काही फोनवर आली नाही. म्हणून हे पत्र.

बायको रागावून माहेरी गेली तर नवऱ्याला समजूत काढायला थोडी तरी जागा असते. ही नणंदेकडे गेली. म्हणजे हे भांडण नव्हे, थेट वरच्या कोर्टात अपील आहे, आणि न्यायाधीश कोण, तर लहानपणापासून माझे कान पिरगाळत आलेली तू. तेव्हा निकाल देण्याआधी माझी बाजूही ऐकून घे, एवढंच मागणं आहे.

तर भोक. आमच्या ओट्याच्या वर धूर बाहेर टाकणारा एक पंखा होता. (तो आवाज बाहेर टाकायचा आणि धूर आत ठेवायचा, पण ते असो.) तो जळला, काढला, आणि भिंतीत ताटाएवढं गोल भोक उरलं. त्यातून कबुतर यायला लागलं आणि आल्यावर ओट्यावरच मुक्काम करायला लागलं. हिचं म्हणणं साधं होतं, की सुताराला बोलवा आणि फळी ठोकून घ्या. सुतार आला, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाला, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. मी उभा जन्म कॅमेरे दुरुस्त करण्यात घालवला हे तुला ठाऊक आहे. भिंगाच्या आत पातळ पत्र्याच्या पाकळ्यांची एक गोल झडप असते. कडं फिरवलं की सगळ्या पाकळ्या एकदम आत सरकतात आणि मधलं भोक लहान होतं, उलट फिरवलं की मोठं होतं, डोळ्यातल्या बाहुलीसारखं. आयरिस म्हणतात तिला. अशा शेकडो आयरिस मी चिमट्यानं सोडवल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या, पण सगळ्या परक्यांच्या आणि सगळ्या नाण्याएवढ्या. आपली स्वतःची एक असावी, चांगली दोन हातांनी धरावी लागेल अशी, ही हौस मनात राहून गेली होती. आणि आता समोर भिंतीत आयतं गोल भोक. सुताराला मी चहा पाजून परत पाठवलं. (चहा हिनंच केला. हे तिच्या तक्रारीत आहे का, बघून ठेव.)

पहिली आयरिस पुठ्ठ्याची केली. आठ पाकळ्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या. प्रत्येकीच्या एका टोकाला खाली खिळा, तो पक्क्या कड्यात रोवायचा. दुसऱ्या टोकाला वर खिळा, तो फिरत्या कड्याच्या खाचेत सोडायचा. कडं फिरवलं आणि आठही जणी अशा काही एकजुटीनं आत सरकल्या, की मला भरून आलं. हीसुद्धा हात पुसत आली, दोनदा उघडझाप करून पाहिली आणि म्हणाली, "बरी आहे हो." ताई, आमच्या संसारात हे वाक्य मला फार वेळा मिळालेलं नाही, त्यामुळे मी एकदम हवेत गेलो. पुठ्ठा वाफेनं पहिल्याच दिवशी मऊ पडला. म्हणून मग प्लायवूड. आता मौज अशी आहे, की आयरिसची प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीवर चढते, पण शेवटची जी असते तिला सातवीच्या वर आणि पहिलीच्या खाली एकाच वेळी जावं लागतं. पातळ पत्रा असला की तो बिचारा थोडा वाकतो आणि जातो. प्लायवूड वाकत नाही. मी दाबलं, साबण लावला, गोड बोललो, शेवटी वर बसलो. सात पाकळ्या आणि एक रिकामी जागा अशी ती आयरिस बरेच दिवस जेवणाच्या टेबलावर होती, आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. हिनं तेव्हा एका शब्दानं टोकलं नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण मला खोटं बोलून केस जिंकायची नाही.

शेवटी पत्र्याची केली. (पत्रा कुठून आणला ते पुढे येईल.) आणि ती जमली. काय जमली म्हणून सांगू. पण बसवायची कशी? आतून बसवायला गेलं तर मध्ये ओटा. बाहेरून मात्र सोपं, कारण आमच्या मागच्या गल्लीवर दरवेळी डांबर ओतून ओतून ती आता इतकी उंच झाली आहे, की बाहेर उभं राहिलं की भोक बरोबर नाकासमोर येतं. तर मी गल्लीत उभा राहिलो, आयरिस भोकात बसवली, स्क्रू पिळले, फिरत्या कड्याला लावलेली दांडी धरून उघडझाप केली. लोणी. येणारे जाणारे थांबले, एकदोघांनी स्वतः फिरवून पाहिली, मी सगळ्यांकडून कौतुक गोळा करून घरात आलो, ओट्यापाशी उभा राहिलो, झडप मिटायला हात वर केला, आणि हाताला काही लागेना. दांडी बाहेर होती. भिंग दुरुस्त करणारा माणूस ते समोरूनच धरतो आणि कडं बाहेरूनच फिरवतो. आयुष्यभराची सवय हातानं इमानेइतबारे पाळली होती.

तिथेच चूक कबूल करून स्क्रू सोडवले असते, तर आज ही घरी असती. पण मी हिला म्हणालो, की कॅमेऱ्यातही कडं बाहेरच असतं, हीच शास्त्रशुद्ध पद्धत आहे. त्यामुळे पद्धत अशी पडली, की हिनं ओट्यापाशी "अहो, उघडा" म्हणायचं, मी चपला घालून सगळ्या घराला वळसा घालून गल्लीत जायचं आणि दांडी फिरवायची. मी पोचेपर्यंत फोडणी जळालेली असायची. पुढे पुढे मला जावं लागेना, कारण गल्लीनं ते काम हातात घेतलं. शाळेत जाणारी मुलं जाताना उघडायची आणि येताना मिटायची. पोस्टमननं पत्रपेटी सोडून दिली. तो झडप उघडून पत्र थेट ओट्यावर ठेवायचा आणि आज काय बेत म्हणून विचारायचा. शेजारच्या काकू तर दिवसातून कितीदा उघडायच्या याला गणती नाही. डाळ लागतेय गं, एवढं मीठ कशाला, हा पदर गॅसपासून लांब धर, असं सगळं त्या गोल चौकटीतून चालायचं. ही सगळं गिळत होती. मग एक दिवस ही फोनवर तुझ्याशीच बोलत होती, विषय काकूंच्या सुनेचा होता, आणि ही अगदी रंगात आली असताना वरून झडप उघडली आणि काकू म्हणाल्या, "तसं नव्हतं ते, मी सांगते." फोन त्या दिवशी मध्येच का तुटला, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

त्यानंतर हिनं गॅस बंद केला, पिशवी भरली आणि दारात उभं राहून एवढंच म्हणाली, "भोक बुजलं की कळवा." आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तर ताई, कळवतो. भोक बुजलं आहे. (जवळजवळ.) आयरिस काढली, उलटी केली, ओट्यावर चढून आतून बसवली. दांडी आता आत आहे, मोरीच्या बाजूला, हिच्या हाताला येईल अशी. गल्लीतून कुणालाही उघडता येत नाही. काकू नाराज आहेत. त्या पुढच्या दारानं येऊन विचारून गेल्या, की बाई कधी येणार, आम्हाला करमत नाही. त्या "आम्हाला" म्हणाल्या, त्यात मी धरला आहे की नाही माहीत नाही, पण मी त्यात आहे. हे तू तिला तुझ्या शब्दांत सांग. माझ्या शब्दांत सांगितलंस तर ती हसेल.

भावोजींना नमस्कार. त्यांच्या खोकल्याला सांभाळा.

तुझा कान पिरगाळून घ्यायला तयार असलेला,
धाकटा

ता. क. पत्र्याचं राहिलंच. माळ्यावर धान्याचे जे मोठे डबे आहेत, ज्यांचा एक संच तू स्वतःला घेतलास आणि एक हिला दिलास, त्यांच्या झाकणांची गोलाई पाकळ्यांना अगदी नेमकी होती. एक भोक बुजवायला आठ डबे उघडे पडले आहेत. सध्या वर्तमानपत्र आणि सुतळी बांधून ठेवली आहे. ही अजून माळ्यावर चढलेली नाही. तुझ्या डब्यांची आठ झाकणं, तिला न दिसतील अशी, तिच्याच पिशवीच्या तळाशी घालून देशील का? खरं तर पत्र याच्याचसाठी लिहिलं. वरचं सगळं ओघात आलं.

ता. क. दुसरा. नको, झाकणं राहू दे. मी सांगेन तिला. हे पत्र हिला दाखवू नकोस असं लिहिणार होतो, पण तू वाचत असताना ती तुझ्या खांद्यावरून वाचते आहे हे मला इथून दिसतं. तेव्हा आता तिलाच लिहितो.

अगं, भोक पूर्ण बुजलेलं नाही. आयरिस कधीच पूर्ण मिटत नाही, मध्ये वाटाण्याएवढं राहतंच. त्याला मी बूच तासून ठेवलं आहे, पण अजून लावलं नाही, त्याचं कारण वाच. तू गेल्यापासून स्वयंपाकघराची खिडकी मी उघडलेली नाही. आत अंधार असतो, आणि गल्लीत ऊन आलं की त्या वाटाण्यातून सगळी गल्ली समोरच्या पांढऱ्या कपाटावर उमटते, रंगासकट, खाली डोकं वर पाय. सायकली उलट्या जातात, पोस्टमन उलटा येतो. जन्मभर दुसऱ्यांचे कॅमेरे उघडले, आता एकाच्या आत बसून जेवतो. परवा एक बाई पिशवी घेऊन वळली, चाल थेट तुझी, मी धावत जाऊन दार उघडलं तर काकू. पुन्हा आत येऊन बसलो. बूच तू आल्यावर तूच लाव. फक्त येशील ती ऊन असताना आणि मागच्या गल्लीनं ये. कोपऱ्यावर वळलीस की कपाटाच्या वरच्या कडेला आधी तुझ्या चपला दिसतील, आणि तू दारापर्यंत पोचशील तोवर चहा मी ठेवलेला असेल.