सातवी चिठ्ठी

मंगळ., ३ फेब्रु.
आधी दुरुस्ती. १८ जाने.च्या पानावर मी लिहिलंय, "फिलोमिना आंटी हल्ली नोंद करायला विसरतात." हे मी पाहिलेलं नाही. केंद्रात सकाळी यादी बघणाऱ्या सावंतकाकांनी सांगितलं आणि मी माझं म्हणून लिहिलं. पूर्ण खोडत नाही, एक रेघ मारते. दम्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याचं स्वयंपाकघर, आणि तिचा नियम असा: चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख.

पाहिलेलं एवढंच. आमच्या रुग्णसाहित्य केंद्रात लोक व्हीलचेअर, वॉकर, पलंग मागायला येतात. आंटी प्रत्येकाला हाताने चिठ्ठी देतात, तारीख-वेळ घालून, मग कॉम्प्युटरवर प्रतीक्षायादीत नाव घालतात. जानेवारीत सात जण चिठ्ठी घेऊन परत आले आणि यादीत नावच नाही. एकाच्या वडिलांना पलंग मिळायला दहा दिवस उशीर.
यादीचा प्रोग्रॅम माझा. कॉलेजात असताना सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला.

बुध., ४
आंटींना काउंटरवरून उठवलं. नाही, त्या स्वतःच उठल्या. आज मागच्या खोलीत कुबड्या पुसत होत्या. "बाय, माझ्या आईचं पण असंच चालू झालेलं. आधी नावं गेली, मग आम्ही गेलो." शुक्रवारी, १३ला, डॉक्टरकडे स्मरणशक्तीची तपासणी. मुलाला त्यांनी सांगितलेलं नाही.
निघताना म्हणाल्या, "स्क्रीनवर ते हिरवं 'नोंद झाली' बघितलेलं मला आठवतं गं. म्हणजे, आठवतं असं वाटतं."
ती हिरवी ओळ नक्की कधी येते? मलाच आठवेना. बघणे.

गुरु., ५
नेहमीच येते.
प्रोग्रॅम डेटाबेसला, म्हणजे यादी साठवणाऱ्या भागाला, सांगतो, हे नाव घाल. डेटाबेस उत्तरादाखल एक आकडा देतो. मी तो घेतलेलाच नाही. विचारलं, पाठ फिरवली आणि 'नोंद झाली' छापलं. तीन वर्षं.
आकडा दाखवायची एक ओळ घातली. खोटी चाळीस नावं घालून पाहिली. चाळीसही वेळा १०१, म्हणजे काम झालं. मग होत नाही ते कधी?

शनि., ७
सातही चिठ्ठ्या काकांकडून मागून घेतल्या. त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात, केंद्राच्या समितीला दाखवायला. "माका काय ता बोलूचा नाय, पण तिचा डोक्या आता थकला," म्हणाले. वाईट मनाने नाही. डबा देताना आवाज बारीक केला होता.
घरी जमिनीवर मांडल्या. ११.१०, ११.२५, ११.०५, ११.४०... सहा चिठ्ठ्या अकरा ते पावणेबारा. विसरणारं माणूस घड्याळ बघून विसरतं का?
अकराला केंद्रात होतं काय? चहा येतो. बस.

सोम., ९
रजा काढून केंद्रात बसले. १०.५५ला काकांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर पूर्ण यादी उघडली. पहिल्या पानावर पंचवीस नावं, खाली 'पुढे जायला एन्टर दाबा'. काकांनी दाबलं नाही. चहा आला, उठून बाहेर गेले.
"काका, यादी बंद नाही करत?"
"बंद कशाक? माझा पान हरवता मगे."
मी आंटींच्या जागी बसून एक नाव घातलं. आकडा आला ५. म्हणजे: कोणीतरी अजून वाचतंय, आत्ता लिहिता येणार नाही. आणि त्याच्याखाली, हिरव्यात, 'नोंद झाली'.
काका परतले, एन्टर दाबलं, यादी संपली. पुन्हा नाव घातलं. १०१.
डिसेंबरपर्यंत यादी एका पानात मावायची, म्हणून वाचन लगेच संपायचं. जानेवारीत ती पंचवीसच्या पुढे गेली. इतकं साधं. आधी हसू आलं. मग मागच्या खोलीतून कुबड्यांचा आवाज आला.

मंगळ., १०
प्रोग्रॅम दुरुस्त. आता यादी आधी पूर्ण वाचून घेतो, मग पानापाशी थांबतो. उत्तर १०१ नसेल तर लाल ओळ.
काकांना सांगितलं. "म्हणजे माझी चाय?"
"नाही काका. माझा प्रोग्रॅम."
"समितीक मी सांगतंय. तिका तू सांग."
पण सातवी. २२ जाने., दु. ४.२०. काका दुपारी येतच नाहीत, दुसरा कॉम्प्युटर बंद असतो. तसंच सगळं ठेवून साठ वेळा करून पाहिलं. १०१. त्या दिवशी वीज गेली होती का, कोणाला आठवत नाही.
काका म्हणाले, "सहा तुझी, मगे सातवी पण तुझीच. कोण बघता?"

बुध., ११
आत्याला फोन. सगळं ऐकून घेतलं. "सहा गणितं सुटली म्हणून सातव्याचं उत्तर मनाने लिहायचं का गं?"
सातही माझ्यावर घेतल्या, तर आंटी काउंटरवर परत येतील आणि तपासणी रद्द करतील. सहाच घेतल्या, तर त्या उरलेल्या एका चिठ्ठीकडेच बघत राहतील. मला ओळखतात त्या. "आणि ही?" असं विचारतीलच.
सहा एका पाकिटात घातल्या. वर लिहिलं: चूक माझी. सातवी वेगळ्या पाकिटात ठेवली. पाकिटावर काय लिहू ते सुचलं नाही, म्हणून तशीच.
उद्या, गुरु. १२ फेब्रु., सकाळी साडेनऊला, गावठाणात आंटींच्या घरी. तपासणीच्या आदल्या दिवशी. दोन्ही घेऊन.