नवाबाचा उपास

प्रिय मनू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण मी फोन हातात घेतला की तुझे बाबा पेपर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात. तोंडाने तुझं नाव घ्यायचं नाही आणि कान मात्र इकडे! मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. आत्ता जेवून पडलेत, तोवर लिहून घेते.

तू रुद्रेशशी रजिस्टर लग्न करून नांदेडला गेलीस, त्या दिवशी बाबांनी दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या. एक, या घरात मनस्विनी हे नाव निघणार नाही. दोन, तुझ्या खोलीतलं ते खारं डबकं घरातून निघणार. पहिली गोष्ट त्यांनी तंतोतंत पाळली, म्हणून दुसरीची मला धास्ती. अगं, आधीच आपल्या लातुरात पाण्याचे हाल, त्यात ते फिल्टरचं पाणी, त्यात ते समुद्राचं मीठ, आणि हे सगळं कुणासाठी, तर वीतभरही नसलेल्या, पाठीवर विषारी काटे मिरवणाऱ्या एका माशासाठी! पण तू जाताना तेवढंच माझ्या पदरात टाकून गेलीस ना. मग काय करते? ज्या घरात कधी अंडं आलं नाही, त्या घरात मी चिमट्यात झिंगा धरून तुझ्या नवाबापुढे हलवायला शिकले. तो दगडाआडून शिकाऱ्यासारखा सरकत सरकत यायचा आणि गपकन गिळायचा. झिंग्यांचा डबा शेजारच्या केवळाबाईंच्या फ्रीजरमध्ये. एक दिवसाआड, तुझे बाबा सकाळी वाचनालयात गेले की मी डबा आणायची, खाऊ घालायची आणि परत आंघोळ करायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवाबाने तोंड फिरवलं. झिंगा नाकासमोर नाचवला तरी ढिम्म! पोट फुगलेलं, काटे पाडून एका कोपऱ्यात उलटा बसलेला. तुला फोनवर बोलले नाही, कारण मला तुझ्या बाबांचाच शक आला होता. उगाच नाही आला. शनिवारी मारुतीला जातो म्हणून निघायचे, हातात नारळ नाही की रुईचा हार नाही, आणि देवळातून आल्यावर आधी आंघोळ! देवळातून आलेला माणूस कधी आंघोळीला पळतो का? वर तुझ्या खोलीत उदबत्तीचा वास. माशाच्या टाकीखाली फरशीवर ओल. एकदा दार लोटून आत होते, विचारलं तर म्हणाले, जुना पेपर शोधून राहिलो. आणि कहर म्हणजे एक दिवस चहा पिता पिता सहज विचारतात, हा मासा मेला तर त्याचं काय करायचं असतं गं? सांग बरं, सरळ माणूस असं विचारील? मी उठून फिनेलची बाटली बघितली आणि ती किती भरली आहे त्या खुणेला टिकली चिकटवून ठेवली. हसू नकोस. तुझी एकच वस्तू या घरात जिवंत उरली होती, ती गेली असती तर तुला कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? आणि तुला तरी इकडे यायला काय कारण उरलं असतं?

मागच्या शनिवारी मी रिक्षा केली आणि डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागे गेले. मारुतीचं देऊळ आलं, हात न जोडता पुढे! थेट मासळी बाजार. तुझे बाबा, ज्यांना कांदा परतला तरी ठसका लागतो, नाकाला रुमाल लावून चतुराबाई नावाच्या बाईपुढे उभे, आणि ती म्हणते, सर, आज बी पावशेरच ना? म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक! मीठबीठ लावलं नाही ना, म्हणून तुझे बाबा वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारून राहिले होते. मला वाटलं, झालं, या वयात माणूस बिघडला. पण खरं सांगू? विष घेत नाहीत, एवढ्यानेच मला हायसं वाटलं. खाईनात का बापडे!

पुढे ऐक. पिशवी घेऊन स्वारी घरी नाही आली, केवळाबाईंच्या मागच्या दारी गेली. मीही मागोमाग घुसले. फ्रीजर उघडा, त्यात माझा निळ्या झाकणाचा डबा आणि त्याला खेटून यांचा शाळेत न्यायचा जुना टिफिन, त्यातही झिंगेच! केवळाबाई बिचारी पदर तोंडाला लावून म्हणाली, मी काय करू वैनी, सर म्हणले वैनीला कळू द्यायचं न्हाई, तुम्ही म्हणल्या सरला कळू द्यायचं न्हाई, मी दोघायचं बी ऐकलं. म्हणजे सकाळी मी खाऊ घालायची आणि संध्याकाळी मी भजनाला गेले की हे! एक दिवसाआड एकच झिंगा द्यायचा असं तू बजावलं होतंस, आणि तुझा नवाब दोन्ही वेळची पंगत झोडत होता. हावरट मेला, पुढे येईल ते गिळत राहिला. तुझे बाबा मान खाली घालून एवढंच म्हणाले, मुका जीव आहे, त्याचा काय दोष. मला तिथेच रडू फुटलं, मनू. इतके महिने ताटाला ताट लावून जेवलो आणि दोघं एकमेकांना चोरून तुझ्याच खोलीत जात होतो.

मग नवाबाला उपास धरायला लावला. उपासाचं आपल्या घरात कुणी कुणाला शिकवायला नको. पाणी थोडं थोडं बदललं, पोट उतरलं.

आता हे पत्र का, ते. काल बाबा लांब चेहरा करून आले आणि म्हणाले, मासा सीरियस आहे, आपल्याच्याने होणार नाही, तिला लिही, स्वतः येऊन बघ म्हणावं. मला आला संशय. कारण त्याआधी दाराच्या फटीतून मी बघितलं होतं, यांनी झिंगा धरला, नवाबाने झडप घालून गिळला, आणि हे त्याला हळूच शाब्बास म्हणाले. वर मला विचारतात, रुद्रेश चहात साखर घेतो का? तर त्यांनी सांगितलं तसं लिहिते, नवाब सीरियस आहे, दोघंही ताबडतोब निघा. हे पत्र नांदेडलाच ठेवून ये, पर्समध्ये आणू नकोस, तुझे बाबा फार संशयी आहेत. आल्या आल्या टाकीपाशी जाऊन तोंड उतरव. बरा दिसतोय असं लगेच म्हणू नकोस. आठ दिवस राहा, मग म्हण.

तुझीच,
आई