आईच्या गुडघ्यांची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

टँकरचे हंडे वाहून आईचे गुडघे पुन्हा धरले. मी कामाला आहे त्या औषधाच्या कारखान्यातून साध्या खोक्यातली गोळी आणली, तर म्हणते, "ही नको. शिरीषची दे, तिनं लई फरक पडतो."

शिरीष, माझा धाकटा भाऊ, औषध कंपनीचा एमआर. टाय लावून डॉक्टरांना गोळीचं नाव तेवढं सांगतो. दोन्ही गोळ्या माझ्याच मशीनवर बनतात, पावडर एकच. त्याचं खोकं फक्त चंदेरी. हे आईला सांगितलं, तर "व्हय, पण त्याची वेगळीच."

सख्ख्या भावावर जळावं का माणसानं? पण जळतो.

शेवटी माझ्याच गोळ्यांचं पाकीट गुपचूप त्याच्या रिकाम्या चंदेरी खोक्यात घालून दिलं. तासाभरात आई उठून चालायला लागली.

"बघ! शिरीषला फोन लाव."

लावला.