चाळीस बाटल्या आणि एक होयबा

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण, मी चाळीस बाटल्या फोडल्या. फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस आणि मी नुसतं हो हो केलं असतं, म्हणून लिहिते आहे.

विद्यापीठानं आम्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन महिने कामाला पाठवलंय. मला पाणी तपासणारी प्रयोगशाळा मिळाली. सोमवारी संध्याकाळी आमचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, घाईघाईत म्हणाले की आलेले नमुने थंड ठेवून दे. भिंतीशी फ्रीज आहे आणि शेजारी डीप फ्रीझर. कशात ठेवायचे ते मला कळलं नाही, पण मान आधीच हलली होती. म्हटलं, जास्त थंड ते जास्त चांगलं. सकाळी फ्रीझर उघडला तर आत बर्फ आणि काचा. ड्रायव्हरकाकांनी दोन दिवस हिंडून ते नमुने गोळा केले होते. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलंय.

साहेब ओरडले नाहीत, तेच वाईट. महिनाभर काम बघून प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवतील म्हणाले. नाही दिलं तर माझं वर्ष वाया. आईला सांगू नकोस. साहेबांना लेखी खुलासा हवाय. मी केलेला मसुदा असा: काही अपरिहार्य कारणास्तव सदर बाटल्यांची हानी झाली असून त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. कसा वाटतो ते लगेच कळव.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
टिटवी


दि. ९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तान्ही असताना तू सगळी गल्ली डोक्यावर घ्यायचीस, म्हणून मी तुझं नाव टिटवी ठेवलं. त्या टिटवीची अशी होयबा कधी झाली गं?

तुझा मसुदा जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि हसता हसता ठसका लागला. बाटल्या काय आपल्या पायांनी चालत फ्रीझरमध्ये गेल्या? असलं वाचून माणूस आणखी चिडतो. साधं लिही. बाटल्या मी ठेवल्या, कुठे ठेवायच्या ते कळलं नव्हतं, मी विचारलं नाही, चूक माझी. नमुने परत आणायला ड्रायव्हरकाकांबरोबर मी जाते. एवढं पुरे. दिलगिरी व्यक्त करण्यात येत नसते, ती आपण व्यक्त करतो.

आता आमच्या ऑपरेशन थिएटरची पद्धत ऐक. सर्जननी काही सांगितलं की नुसतं हो म्हणायची सोय नाही. जे ऐकलं ते उलट बोलून दाखवायचं, ते बरोबर म्हणाले की मगच हात हलवायचा. टाके घालायच्या आधी मी रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोठ्यानं मोजते आणि एवढे मोठे सर्जन मुकाट्यानं तो आकडा परत म्हणतात. एकतीस वर्षांत एकही तुकडा कुणाच्या पोटात राहिला नाही. तेव्हा उद्यापासून हो सर बंद.

मी मजेत. नव्या नर्स मुलींना हीच पद्धत समजावून सांग म्हणून मेट्रनबाई मागे लागल्यात. पंधरा मार्चला, सभागृहात, दोनशे मुली. बघू. तोंडावर मास्क असला की मी कुणालाही दटावते, तो काढून उभं राहायचं म्हणजे निराळंच काम.

माया आहेच, ती गृहीत धर.
मावशी


दि. १८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पद्धतीनं पहिले चार दिवस माझी पार शोभा झाली. साहेबांनी चहा सांगितला तरी मी परत म्हणून दाखवला, दोन कप, एक बिनसाखरेचा. त्यांनी विचारलं की मी त्यांची नक्कल करते आहे का. शेजारच्या टेबलावरच्या बाई मला पोपट म्हणू लागल्या. खुलासा मात्र तू सांगितलास तसाच दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि खणात ठेवला. ड्रायव्हरकाकांबरोबर दोन दिवस क्रेट उचलत हिंडले, तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला.

मग परवा, एका हातात फोन धरून साहेब म्हणाले की सहा नंबरच्या टाकीचा अहवाल पाठवून दे, पाणी पिण्याजोगं आहे. मी म्हटलं की सहा नंबर, पिण्याजोगं, आत्ता पाठवते, बरोबर का? ते हं म्हणाले आणि मग एकदम फोन खाली ठेवला. सहा नव्हे, नऊ, ते म्हणाले. सहाची तपासणी अजून पुरी झालेली नाही आणि ते पाणी शाळेला जातं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढचं काम सांगितल्यावर तेच मला म्हणाले की तू काय ऐकलंस ते सांग.

तुझ्या भाषणाचं काय झालं?

अजून कामावरून न हाकललेली,
टिटवी


दि. २३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास. पत्र मी थिएटरमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. सर्जन म्हणाले की ही मुलगी इकडे पाठवा.

भाषणाचं विशेष काही नाही. घसा बसलाय. शिवाय रजाही बरीच शिल्लक आहे, वाया जाईल. माझ्यापेक्षा छान बोलणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. तू तुझ्या प्रमाणपत्राचं बघ. आज घाईत आहे.

मावशी


दि. २ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

प्रमाणपत्र मिळालं. शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी एकच ओळ लिहिली आहे: समजलं नाही तर विचारते. इतरांचे शेरे लांबलचक आहेत, पण मला माझाच आवडला. आईला आता सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.

आता तुझ्याच पद्धतीनं. तुझ्या पत्रांतून मी काय ऐकलं ते परत म्हणून दाखवते. दोनशे मुलींसमोर मास्क काढून बोलायची तुला भीती वाटते. पंधरा मार्चला तू रजा टाकणार आहेस. आणि घसा बसलेला नाही, कारण ते पत्र लिहिलंस त्याच दिवशी तू आईशी फोनवर वीस मिनिटं शेजारणीबद्दल बोलत होतीस. बरोबर का?

उत्तर येईपर्यंत हात न हलवणारी,
टिटवी


दि. ७ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

बरोबर. फक्त वीस नव्हे, चांगला अर्धा तास बोलत होते.

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं ऐकून परत म्हणत आले. माझं कुणी कधी परत म्हणून दाखवलं नव्हतं.

रजेचा अर्ज फाडला. मेट्रनबाईंना सांगितलं की बोलेन, पण भीती वाटते, पाणी जवळ ठेवा. त्यांनी ते परत म्हणून दाखवलं, पाण्यासकट. सुरुवात कशी करायची ते मात्र सुचत नाही. तुझ्या चाळीस बाटल्यांपासून करू का? भाचीचं नाव घेणार नाही.

उत्तर लिहिताना नुसतं हो लिहू नकोस.

मावशी